चौकातले पुतळे, वेशीवरचे वीर

केज तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या गावी वेशीच्या उजव्या अंगाला एक वीरगळ होता. होता म्हणजे अजूनही आहे, पण त्याची जागा बदलली. आणि ती बदलताना जो वाद झाला त्यातूनच हा लेख निघाला आहे. रस्ता रुंद करायचे ठरले तेव्हा मोजणीवाल्यांची चुन्याची रेघ नेमकी त्या दगडाच्या पायथ्यावरून गेली. मी अंबाजोगाईत तीस वर्षे इतिहास शिकवलेली बाई, त्यामुळे गावाने साहजिकच मला विचारले. माझे उत्तर तयार होते. दगड संग्रहालयात द्यावा. तिथे तो ऊन-पावसापासून, शेंदराच्या पुटांपासून आणि पोरांच्या क्रिकेटपासून सुरक्षित राहील. पारावर बसलेल्यांनी माना डोलावल्या. वीराचा मान ज्या घराण्याकडे आहे त्यातले एक म्हातारे गृहस्थ मात्र गप्प होते. बैठक मोडता मोडता ते म्हणाले, "आक्का, द्या की नेऊन तुमच्या त्या म्युझियमात. पन पाडव्याला तिथं त्याला निवद कोन दावील?"

मला उत्तर सुचले नाही. वर्गात सुचले नसते तर फळ्याकडे वळून काहीतरी लिहिता आले असते. पारावर फळा नसतो.

वीरगळ म्हणजे काय हे या अंकाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, तरी दोन ओळी लिहिते, कारण पुढे त्यांची गरज पडणार आहे. लढाईत पडलेल्या माणसाच्या स्मरणार्थ उभारलेला हा दगड. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा वीर धारातीर्थी पडलेला. पुष्कळदा गाई-गुरेही दिसतात, म्हणजे हा माणूस गावचे गोधन परत आणताना मेला. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेत आहेत. त्याच्या वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला, शेजारी पुजारी. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य: ते असेतोवर याची कीर्ती राहो. आमच्या मराठवाड्यात असे दगड महादेवाच्या प्रत्येक जुन्या देवळाच्या आवारात, बारवेच्या काठावर, मारुतीच्या पाराला टेकवलेले सापडतात. बहुतेकांवर अक्षर नाही. ज्याची कीर्ती चंद्र-सूर्य असेतोवर राहायची, त्याचे नाव मात्र तीन-चार पिढ्यांतच गेलेले असते.

म्हाताऱ्यांचा प्रश्न घेऊन मी अंबाजोगाईला परतले आणि एस.टी.त मला जुन्या गोव्याचे संग्रहालय आठवले. जरा विचित्र वाटेल, पण दुवा सरळ आहे. आयुष्यात पहिल्यांदा वीरगळ भिंतीला ओळीने लावलेले, धुतलेले, शेंदूर खरवडलेले मी तिथे पाहिले होते. आणि त्यांच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर, ज्यांनी तो प्रदेश साडेचारशे वर्षे ताब्यात ठेवला त्यांची रंगीत चित्रे टांगलेली होती.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी तिथे गेले होते. मुलांना समुद्राची घाई, मला इमारतींची. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे. १५१७ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी तिथे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. आज दिसते ते चर्च १६६१ मधले. त्याला लागून असलेल्या त्यांच्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६४ मध्ये संग्रहालय सुरू केले, म्हणजे गोवा मुक्त होऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. वेळेकडे लक्ष द्या. १९ डिसेंबर १९६१ ला राज्य बदलले. जुन्या राज्याच्या खुणा तेव्हा जागोजागी होत्या, आणि प्रत्येक नव्या राज्यापुढे येतो तो प्रश्न इथेही आला: यांचे करायचे काय? फोडायच्या, की ठेवायच्या? ठेवायच्या तर कुठे? संग्रहालय हे त्या प्रश्नाचे उत्तर होते, आणि मला वाटते फार शहाणे उत्तर होते. पण ते अर्धेच उत्तर होते. त्याचे कारण पुढे येईलच.

आत शिरल्यावर माणसाच्या उंचीहून मोठे पुतळे समोर येतात. एक अफोन्सो दि अल्बुकर्कचा, ज्याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा कायमचे घेतले. पणजीच्या आझाद मैदानावर खांबांचा एक मंडप आहे. तिथे एके काळी अल्बुकर्कच उभा असे. आज त्या मंडपात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे, ज्यांना गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात. मंडप तोच, आतला माणूस बदलला. गावातल्या देवळात मूर्ती बदलावी तसे.

दुसरा पुतळा कवीचा आहे. लुईस द कामोइश १५५३ मध्ये गोव्याला आला, शिपाईगिरी केली, तुरुंगात गेला, कर्जबाजारी झाला, आणि वास्को द गामाच्या सफरीवर त्याने जे महाकाव्य रचले ते १५७२ मध्ये लिस्बनला छापले गेले. पोर्तुगीज भाषेचा हा सर्वांत मोठा कवी. त्याचा पुतळा १९६० मध्ये, म्हणजे राज्य जायला जेमतेम वर्ष राहिले असताना, जुन्या गोव्यात से कॅथेड्रल आणि बॉम जेझू यांच्यामधल्या मोकळ्या जागेत उभारण्यात आला. जाणारे राज्य पुतळे फार उभारते, हे माझे निरीक्षण आहे. सिद्धांत म्हणून मांडत नाही. १९८० मध्ये कामोइशच्या मृत्यूला चारशे वर्षे झाली तेव्हा या पुतळ्यावरून गोव्यात वातावरण तापले, आणि त्या दशकात पुतळा चौकातून संग्रहालयात आला. त्या मठात त्याच्यासमोर उभी असताना माझ्या मनात एक हिशेब चालू होता. हा माणूस गोव्यात लिहीत होता तेव्हा पैठणला एकनाथ विशीत होते. थोड्याच वर्षांनी आमच्या अंबाजोगाईत दासोपंत सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर, पासोडीवर, ओव्या लिहिणार होते. ती पासोडी अजून अंबाजोगाईत दासोपंतांच्या परंपरेकडेच आहे. ती कुठल्या संग्रहालयाच्या काचेआड नाही. हे त्या वेळी मला मागासलेपण वाटले होते, याची नोंद करून ठेवते.

तळमजल्यावर दगड आहेत. गोव्याच्या कदंबांच्या काळातली शिल्पे, सतीशिळा, वीरगळ, आणि मराठीतले व फारसीतले शिलालेखही. आमच्या बालाघाटातले वीर घोड्यावर किंवा पायी लढतात. गोव्यातल्या काही वीरगळांवर खालच्या चौकटीत होडी आहे, वल्ही मारणारे आहेत, आणि वीर पाण्यावर लढताना पडला आहे. कोकणपट्टीत बोरिवलीजवळ एकसरलाही आरमारी लढाईचे मोठे वीरगळ आहेत. शिलाहार आणि देवगिरीचे यादव यांच्या युद्धाशी त्यांचा संबंध लावतात. म्हणजे होडीच्या वीरगळाकडे पाहताना बीडच्या माणसाने अगदीच परके वाटून घ्यायचे कारण नाही. देवगिरीचे सैन्य समुद्रापर्यंत गेले होते आणि त्या सैन्याचा एक मोठा सेनापती आमच्या अंबाजोगाईचा होता. त्याच्याकडे मी पुढे वळणार आहे.

जिना चढून वर गेले की व्हाइसरॉय आणि गव्हर्नर. साठएक चित्रे, ओळीने. लांब झगे, चिलखते, ढालीवरची घराण्याची चिन्हे, आणि प्रत्येकाचे नाव. मुलांना दहा मिनिटांत कंटाळा आला. एकीने विचारले, "मॅडम, हे सगळे सारखेच का दिसतात?" तो प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. पुढे या चित्रांविषयी वाचले तेव्हा कळले की मुलीने अगदी मर्मावर बोट ठेवले होते.

या चित्रमालिकेची सुरुवात जुआंव द कास्त्रु या गव्हर्नराने १५४७ च्या सुमारास केली. आपल्याआधी जितके गव्हर्नर झाले त्या सर्वांची चित्रे करून वाड्याच्या दालनात लावावीत अशी त्याची कल्पना. पण त्यांतले बरेच कधीच वारले होते. अल्बुकर्क जाऊन ३२ वर्षे झाली होती. वास्को द गामा, जो तिसऱ्या खेपेला व्हाइसरॉय म्हणून आला आणि १५२४ च्या डिसेंबरात कोचीत वारला, त्यालाही २३ वर्षे. त्यांचे चेहरे आणायचे कुठून? गास्पार कोरेया नावाचा एक इतिहासकार गोव्यात होता. तरुणपणी त्याने अल्बुकर्कच्या हाताखाली लेखनिक म्हणून काम केले होते, आणि पुढच्या सगळ्या गव्हर्नरांना त्याने डोळ्यांनी पाहिले होते. कास्त्रुने हे काम त्याच्यावर सोपवले. कोरेयाला चित्राची जाण होती, पण रंगकाम त्याने दुसऱ्याकडून करून घेतले. ही हकीकत त्यानेच लिहून ठेवली आहे: चित्रकार इथलाच होता, या भूमीतला माणूस, आणि त्याच्या हातात उपजत कसब होते. कोरेया आठवून सांगत होता आणि तो काढत होता. चेहरे इतके जमले की ज्यांनी ती माणसे पाहिली होती त्यांनी ती ओळखली, असे कोरेया लिहितो.

चित्रकाराचे नाव मात्र तो लिहीत नाही.

इथे मी थबकले. पहिल्या व्हाइसरॉयपासून पुढे साडेचारशे वर्षांच्या गव्हर्नरांची नावे, घराणी, कारकिर्दीची वर्षे आपल्याकडे आहेत. ज्याने त्यांना चेहरे दिले तो एक गोवेकर, बहुधा देवळातली किंवा घरातली चित्रे काढत मोठा झालेला, त्याने अल्बुकर्कला कधी पाहिलेही नसावे. आणि त्याच्या हाताने काढलेला अल्बुकर्क जगाने खरा अल्बुकर्क मानला. पुढे त्याच शतकात, ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे करू नयेत असे हुकूम निघाले. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, याचा अर्थ कारागीर करत होते आणि करवून घेणारे करवून घेत होते. माझ्या विद्यार्थिनीला चेहरे सारखे वाटले त्याचे उत्तर काही अंशी इथे आहे: सुरुवातीचे चेहरे एकाच माणसाच्या आठवणीतून आणि एकाच हातातून आले. बाकीचे उत्तर दुरुस्तीचे आहे. राजधानी जुन्या गोव्यातून हलली, साथींनी शहर ओस पडले, चित्रे पणजीच्या वाड्यात आली. दमट हवेत लाकडी फळ्या सडल्या, वाळवी लागली, आणि दर काही पिढ्यांनी कोणी ना कोणी त्यांच्यावर रंग चढवत गेला. आज आपण पाहतो तो चेहरा पुटांवर पुटे चढलेला चेहरा आहे. आमच्या वीराच्या अंगावर शेंदूर चढतो आणि साहेबाच्या अंगावर तैलरंग. वर्षे गेली की खाली काय होते ते दोघांच्याही बाबतीत अंदाजानेच सांगायचे.

तर जुन्या गोव्याचे उत्तर अर्धे का, ते आता सांगते. चौकातला पुतळा आत आणला की त्याचा दरारा जातो. तो इतरांसारखी एक वस्तू होतो, त्याच्यासमोर कोणी मान झुकवत नाही, शाळेची पोरे त्याच्या बुटाला हात लावून पाहतात. हे चांगलेच झाले. पण त्याचे नाव, त्याचे साल, त्याची कर्तबगारी पाटीवर त्याच्याबरोबर आत येते, आणि शेजारच्या वीरगळाच्या पाटीवर काय येते? वस्तूचा प्रकार, काळ, फार तर सापडल्याचे ठिकाण. एका छपराखाली जिंकणारे आणि इथले लोक आले, पण नावे एकाच बाजूला राहिली. दोष संग्रहालयाचा नाही. नावे हरवली ती त्याआधीच. १५४० नंतर तिसवाडीत आणि पुढे बारदेश-साष्टीत देवळे पाडली गेली तेव्हा देव नदीपलीकडे गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला. देवांना उचलून नेणारी माणसे होती. देवळापुढच्या वीराचा दगड रात्रीतून उचलायला कोण येणार? तो जिथल्या तिथे राहिला, आणि त्याची गोष्ट सांगणारे गाव पांगले.

इतक्यावरच मी थांबले असते. पण याच सुमारास माझा भाचा, जो अमेरिकेत सिएटलला असतो, अलास्काची जहाजसफर करून आला आणि त्याने मला सिट्का नावाच्या गावातल्या संग्रहालयाचे फोटो पाठवले. "मावशी, तुझ्या गोव्यासारखंच आहे," असे खाली लिहिले होते. मी वाचत गेले, आणि खरोखरच आश्चर्य वाटले.

सिट्का हे ट्लिंगिट लोकांचे गाव. समुद्रकिनाऱ्यावर देवदाराची घरे, कुळांची चिन्हे कोरलेले उंच खांब, मासेमारी. तिथे रशियन आले ते समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांसाठी. त्या फरला चीनच्या बाजारात सोन्याचा भाव होता. १७९९ मध्ये रशियाच्या बादशहाने एका कंपनीला त्या सगळ्या किनाऱ्याचा मक्ता दिला. ईस्ट इंडिया कंपनी ठाऊक असलेल्यांना यापुढची गोष्ट सांगायला नको. कंपनीचा कारभारी अलेक्सांद्र बारानोव्ह याने सिट्काजवळ गढी बांधली. १८०२ मध्ये ट्लिंगिटांनी ती जाळून टाकली. १८०४ मध्ये बारानोव्ह लढाऊ जहाज घेऊन परत आला. ट्लिंगिटांच्या किक्साडी कुळाचा योद्धा काल्यान (मराठी कानाला ओळखीचेच वाटते हे नाव) डोक्यावर लाकडात कोरलेले कावळ्याचे शिरस्त्राण घालून आणि हातात लोहाराचा हातोडा घेऊन लढला. रशियनांचा पहिला हल्ला त्यांनी परतवला. पुढे दारूगोळा संपला आणि सगळे कूळ म्हातारे-कोतारे, लेकरे-बाळे घेऊन रात्री डोंगरातून निघून गेले. रशियनांनी तिथे आपली राजधानी वसवली. १८६७ मध्ये रशियाने अख्खे अलास्का ७२ लाख डॉलरला अमेरिकेला विकले. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला सिट्कातच झेंडा बदलला. ज्यांची जमीन त्यांना कोणी विचारले नाही. ट्लिंगिटांचे म्हणणे साधे होते: रशियनांनी जे कधी विकत घेतलेच नव्हते ते त्यांनी विकले कसे?

या बारानोव्हचा एक बसलेला ब्राँझचा पुतळा १९८९ पासून सिट्कात गावाच्या सभागृहासमोर होता. जुलै २०२० मध्ये गावच्या प्रतिनिधींनी ठराव केला की तो तिथून काढून सिट्काच्या इतिहास संग्रहालयात हलवावा. अल्बुकर्क, कामोइश, बारानोव्ह: चौकातून आत. हा भाग माझ्या भाच्याच्या लक्षात आला होता. पण दुसरा भाग वाचताना मला आमचे म्हातारे गृहस्थ आठवले.

काल्यानचे ते कावळ्याचे शिरस्त्राण सिट्कातल्या शेल्डन जॅक्सन संग्रहालयात आहे. शेल्डन जॅक्सन हे मिशनरी. त्यांनी अलास्काभर फिरून वस्तू गोळा केल्या. ट्लिंगिट भाषेत अशा वस्तूला 'अत ऊव' म्हणतात. शब्दाचा अर्थ मालकीची किंवा विकत घेतलेली वस्तू, पण किंमत पैशांत मोजलेली नसते. पूर्वजाने तिच्यासाठी काही दिलेले असते, कधी कधी जीव. म्हणून ती कोणा एकाची नसते, कुळाची असते, आणि ती पेटीत ठेवण्यासाठी नसते. कुळाच्या कार्यात तिला बाहेर आणायचे, तिची गोष्ट सांगायची, समोरच्या कुळाने उत्तर द्यायचे, तेव्हा ती पुरी होते. अलास्काच्या शासकीय संग्रहालयांनी हे मान्य केले आहे: कुळाच्या समारंभासाठी अशा वस्तू काचेबाहेर काढून दिल्या जातात, कुळाची माणसे त्या अंगावर घालतात, कार्य झाले की परत आणून ठेवतात. अमेरिकेत १९९० मध्ये असा कायदाही झाला की मूळ रहिवाशांचे अस्थि-अवशेष आणि पवित्र वस्तू संग्रहालयांनी त्यांना परत कराव्यात.

संग्रहालयातली वस्तू कार्याला घरी जाते आणि पुन्हा येते, ही कल्पना मला नवी होती. माझ्या डोक्यात संग्रहालय म्हणजे एकदा आत गेले की बाहेर नाही. आणि राज्यकर्त्याचा पुतळा आणि कुळाचे शिरस्त्राण या दोहोंना मी आजवर एकच माप लावत होते: जुने आहे, जपा. पुतळा जिथून हलवला ती जागा मोकळी झाली की गावाला बरे वाटते. वीर हलवला की गावाला बरे वाटत नाही, कारण गाव त्याच्याशी अजून बोलत असते.

आता अंबाजोगाईच्या त्या सेनापतीकडे येते. खोलेश्वर हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती. गावात त्याच्या नावाचे देऊळ आहे, आणि त्याच्या नावाने शिक्षणसंस्थाही चालते. रोज हजारो मुले ते नाव उच्चारतात. शके ११६२ म्हणजे इ. स. १२४० चा एक संस्कृत शिलालेख इथे आहे. त्यात असे की खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातेवरच्या मोहिमेत लढताना पडला, आणि त्याच्या बहिणीने, लक्ष्मीने, भावाच्या स्मरणार्थ रामनारायणाचे देऊळ बांधवले. मी हा लेख वर्गात कितीतरी वर्षे शिकवला, यादवांच्या गुजरात स्वाऱ्यांचे साधन म्हणून. गोव्याहून आणि सिट्काहून फिरून आल्यावर तो मी पुन्हा वाचला तेव्हा मला त्यात पहिल्यांदा एक बहीण दिसली. त्याच मोहिमेत रामाबरोबर आमच्या भागातले कितीतरी शिपाई मेले असतील. त्यांच्या बहिणींकडे देवळाचे पैसे नव्हते, संस्कृत जाणणारा पंडित नव्हता. पाथरवटाला धान्य देऊन त्यांनी फार तर एक दगड उभा केला असेल. सेनापतीचा मुलगा नावानिशी उरला. बाकीचे वेशीवर उभे आहेत.

म्हणजे नाव उरणे न उरणे हे गोरे आणि आपण एवढ्यापुरते नाही. आपल्या आपल्यातही ते तसेच चालत आले आहे. हे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण पोर्तुगीजांच्या चित्रांवर टीका करणे सोपे आहे.

दिवाळीपूर्वी मी पुन्हा गावी गेले. म्हाताऱ्यांच्या ओसरीवर बसले आणि तीस वर्षांत जे विचारले नव्हते ते विचारले: हा वीर कोण? त्यांनी लगेच सांगितले. त्यांच्या घरात त्याला नाव आहे. त्यांच्या आजीने ते त्यांना सांगितले होते. पाडव्याला नैवेद्य दाखवताना ते मनात घ्यायचे असते, मोठ्याने नाही. गुरे वळायला गेला होता, चोर आले, पाच गाई परत आणल्या, सहावीसाठी पुन्हा गेला. दगडाच्या खालच्या चौकटीत मी पूर्वी गाई मोजल्या होत्या. पाचच आहेत. दगडावरून गोष्ट झाली की गोष्टीवरून दगड, हे मी ठरवू शकत नाही. बहुधा दगडावरूनच गोष्ट झाली असावी, असे माझ्यातली मास्तरीण म्हणते. पण हे सगळे मी कधी विचारलेच नव्हते, कारण वीरगळ निनावी असतो हे मला आधीच माहीत होते.

शेवटी दगड संग्रहालयात गेला नाही. गावाने वर्गणी काढून महादेवाच्या देवळाच्या आवारात ओटा बांधला. जेसीबीने नव्हे, हे मी हट्टाने पाहिले. पोत्यांत गुंडाळून, बैलगाडीत गवतावर आडवा निजवून त्याला नेले. उचलताना कळले की जेवढा वर होता जवळजवळ तेवढाच तो जमिनीत होता, आणि खाली आणखी एक चौकट निघाली, मातीने जपलेली, नाकी-डोळी नीट. तिचे मी फोटो घेतले, मापे घेतली, ठसा घेतला. शेंदूर काढू द्यावा म्हणून मी विनवले. बरीच चर्चा होऊन असे ठरले की वरच्या तीन चौकटींवर शेंदूर राहील आणि नव्या निघालेल्या चौकटीला कोणी लावणार नाही. ओटाही तेवढाच उंच केला, ती चौकट दिसावी म्हणून. पुरातत्त्वाच्या पुस्तकात असा तोडगा बसत नाही. मला तो मान्य आहे.

मग पाटीचा प्रश्न आला. मजकूर मी लिहावा असे ठरले. 'वीरगळ, अंदाजे तेरावे शतक' इतके लिहून माझा हात थांबला. नाव लिहू का, असे मी म्हाताऱ्यांना विचारले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, मनात घ्यायचं नाव पाटीवर कसं लिवावं, पोरांना इचारतो. पोरे म्हणाली, लिहा. सुना म्हणाल्या, नको. अजून ठरलेले नाही. तोवर पाटीवर एवढेच आहे: गाई परत आणताना पडलेला या गावचा वीर, अमुक घराण्याकडे याचा मान आहे, पाडव्याला नैवेद्य. नावासाठी एका ओळीची जागा मोकळी सोडायला मी रंगाऱ्याला सांगितले होते.

परवा फोटो आला. मोकळ्या ओळीच्या खाली, वरच्या सगळ्या मजकुराहून दुप्पट मोठ्या लाल अक्षरांत, 'सौजन्य' असे लिहून ओट्याला सिमेंट देणाऱ्या चौघांची नावे रंगवली आहेत.